डॉक्टरांना सांगू नका

त्या घरात एक कायदा होता आणि तो काकूंनी केला होता. वाईट बातमी डॉक्टरांच्या कानावर जाता कामा नये. पाण्याचा पंप जळाला? डॉक्टरांना सांगू नका. वरच्या खोलीत ओल आली? डॉक्टरांना सांगू नका. एखाद्याची कवळी नीट बसली नाही आणि तो दवाखान्याच्या दारात उभा राहून तोंडाला येईल ते बोलू लागला, तर काकू त्याला गोड बोलून बाहेरच्या बाकावर नेऊन बसवत, चहा पाजत, दुसऱ्या दिवशीची वेळ देत आणि आत येऊन म्हणत, "काही नाही हो, पत्ता चुकला होता बिचारा." डॉक्टरांच्या सख्ख्या भावाचं पोटाचं ऑपरेशन झालं, ते डॉक्टरांना कळलं तेव्हा भाऊ बरा होऊन फिरायलाही जाऊ लागला होता.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर आणि मागच्या बाजूनं वर जाणारा अरुंद, उभा जिना. काकू म्हणजे त्यांची बायको. दवाखान्यात येणारे सगळेच त्यांना काकू म्हणत, त्यांच्याहून मोठे असले तरी. फोन घ्यायचा, नंबर लावायचे, हत्यारं उकळून ट्रेमध्ये मांडायची, कवळीच्या मापासाठी मसाला कालवायचा, रडणाऱ्या पोरांचं डोकं धरायचं आणि डॉक्टरांचं काम चालू असताना लाळ ओढणारी नळी हातात घेऊन शेजारी उभं राहायचं, हे त्यांचं काम. पगार नाही, सुट्टी नाही, आणि दोन्हींबद्दल त्यांची तक्रारही नव्हती.

कायदा झाला तो डॉक्टरांच्या हार्ट अटॅकनंतर. तो आला भर दवाखान्यात. खुर्चीत पेशंट आ वासून पडलेला, दिवा त्याच्या तोंडावर, आणि डॉक्टरांनी एकदम छाती आवळून धरली. घामानं डबडबले, डावा हात दाबत 'आई गं' म्हणाले आणि हत्यारांच्या ट्रेसकट खाली कोसळले. पाहणाऱ्याला शंका घ्यायला जागाच नव्हती. बाकावरचे चार लोक धावले, पेशंट तोंडातला कापूस थुंकून गाडी आणायला पळाला. शीर मोकळी करून, आत स्टेंट बसवून डॉक्टर घरी आले. इस्पितळातून निघताना तिथले मोठे डॉक्टर काकूंना म्हणाले, "यांना टेन्शन देऊ नका." दिवसातून दहा जणांच्या बायकांना ते असंच सांगत असतील, जसं आपण कुणाला 'सावकाश जा' म्हणतो. काकूंनी मात्र ती काळ्या दगडावरची रेघ मानली.

तेव्हापासून घर डॉक्टरांच्या हृदयाभोवती फिरू लागलं. मीठ कमी, तेल कमी, सकाळी चालणं, दुपारी झोप, गोळ्या वेळच्या वेळी. काकूंनी त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं. दर तपासणीला त्या बरोबर जात. एकदा त्या मोठ्या डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, "आणि तुमचं काय? तुमचं बीपी, साखर कधी पाहिलीय?" काकू हसल्याच. "मला काय धाड भरलीय?"

खरं तर त्यांना पुष्कळ काही झालं होतं. लेकीच्या वेळी त्यांचं ब्लडप्रेशर इतकं चढलं होतं की पोर दिवस भरायच्या आधीच काढावी लागली होती. साखरही वाढली होती. तेव्हाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हे विसरू नका, हे पुढे हृदयाला नडू शकतं, दरवर्षी तपासत राहा. ती पोर आता स्वतः आई झाली होती, आणि दरवर्षीची तपासणी एकदाही झाली नव्हती. काकूंची आई आत्ताच्या काकूंपेक्षा लहान वयात झोपेत गेली होती. भाग्यवान, यातना नाहीत, असं सगळे म्हणाले आणि विषय संपला. पाळी गेल्यापासून काकूंना झोप लागत नव्हती, तेही वयाच्या नावावर जमा झालं होतं.

डॉक्टर बरे झाले, पण त्यांचा हात बरा झाला नाही. हात कापत नव्हता, धजत नव्हता. पूर्वी ज्या दाढेला दुसरे हात लावत नसत, ती ते शीळ घालत काढायचे. आता जरा मूळ वाकडं दिसलं की घसा खाकरून म्हणायचे, "हे तुम्ही माझ्या मित्राकडे दाखवा." पेशंट गेला की हात धुवत बराच वेळ उभे राहायचे. काकू ते पाहायच्या. त्यांनी ज्या माणसाशी लग्न केलं होतं तो शीळ घालणारा होता.

अशात काकूंचा जबडा दुखायला लागला.

उकळलेल्या हत्यारांचा जड डबा घेऊन जिना चढताना पहिल्यांदा दुखला. डाव्या बाजूला, खाली, कानापासून हनुवटीपर्यंत ओढल्यासारखं. वर जाऊन बसल्या, थोड्या वेळानं थांबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. चढताना यायचं, बसलं की जायचं. आता हे दुसऱ्या कुणाच्या घरात झालं असतं तर माणूस म्हणाला असता, बघू काय आहे ते. या घरात कुणी 'बघू' म्हणायचा प्रश्नच नव्हता. जबडा दुखतो म्हणजे दाढ. रोज बाकावर दहा-बारा माणसं गाल धरून बसलेली पाहण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या मनात दुसरं येणार तरी कुठून?

काकूंनी ते डॉक्टरांना सांगितलं. आपलं दुखणं हे वाईट बातमीत मोडतं की नाही याचा विचार त्यांनी आधी केला, आणि दाढेसारखी किरकोळ गोष्ट सांगायला हरकत नाही असं ठरवलं. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, आरसा आत घातला. डाव्या बाजूच्या एका जुन्या, चांदी भरलेल्या दाढेवर हत्याराच्या दांड्यानं टकटक केलं. "दुखतं?"

"तुम्ही ठोकल्यावर दुखणारच की."

"एक्स-रे काढू." एक्स-रेत मुळाशी पुसटशी सावली होती. असेल म्हटलं तर होती, नसेल म्हटलं तर नव्हती. डॉक्टरांनी ती आहे असं ठरवलं. आणि काकूंना दिसलं की त्यांचा चेहरा खुललाय. किती दिवसांनी त्यांना असं दुखणं मिळालं होतं जे मित्राकडे पाठवता येत नव्हतं. "रूट कॅनाल करू," ते म्हणाले, "मीच करतो."

बऱ्याच बैठका झाल्या. बारीक सुया घेऊन डॉक्टर तासन्‌तास वाकून बसत. लवंगेच्या तेलाचा वास, गालात कापूस, आणि डॉक्टरांच्या ओठांतून अगदी हलकी शीळ. काकू खुर्चीत पडून ती ऐकत. बरं वाटायचं, आणि वाटणारच. खुर्चीत माणूस पडून असतो, जिना चढत नसतो.

रूट कॅनाल झालं आणि जबडा तसाच दुखत राहिला. जेवणानंतर भांडी उचलून ठेवताना काकूंनी एकदा गाल दाबला, तेवढ्यात डॉक्टरांनी पाहिलं. "अजून आहे? मग मुळातच घाण आहे. काढूनच टाकू."

ती दाढ काढणं हा त्या दवाखान्यातला सोहळाच झाला. मूळ वाकडं होतं. पूर्वी असतं तर काही वाटलं नसतं, पण आता डॉक्टरांनी पकड हातात घेतली आणि क्षणभर थांबले. तोंड सुन्न झालेलं, म्हणून काकूंनी हातानंच खूण केली, काढा. डॉक्टरांनी काढली. तुकडा न पाडता, हिरडी न फाडता, अख्खी दाढ मुळासकट बाहेर आली. त्यांनी ती दिव्याखाली धरली आणि लहान मुलासारखे हसले. "बघ! हात गेलेला नाही माझा."

त्या दिवसापासून डॉक्टर बदलले. मित्राकडे पाठवणं बंद झालं. खुर्चीतल्या पेशंटला, त्याच्या तोंडात दोन-दोन हत्यारं असताना, ते सांगू लागले, "आमच्या हिची काढली परवा. असं मूळ होतं. आता विचारा तिला, आहे का दुखणं?" पेशंट बोलू शकायचा नाही, म्हणून डॉक्टर स्वतःच वळून विचारत, "काय गं, थांबलं ना?"

"थांबलं," काकू म्हणत.

थांबलं नव्हतं. जखम भरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी जिन्यात पुन्हा तीच ओढ आली, तिथेच, जिथे आता दाढ नव्हती. काकू पायरीवर बसल्या. पहिल्यांदा त्या घाबरल्या. दाढ काढली तरी दाढ दुखते, हे काय आहे? पण त्या भीतीच्या पाठोपाठ दुसरी, मोठी भीती आली. हे यांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुम्ही माझी चांगली दाढ उपटलीत? की तुमचा हात सुधारला, पण अक्कल चुकली? इतक्या दिवसांनी माणूस शीळ घालायला लागलाय. हा धक्का त्यांना सोसेल? काकूंनी तो प्रश्न स्वतःला विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही सोसायचा. उठल्या, डबा उचलला आणि वर गेल्या.

पुढे पुढे जबड्याबरोबर पाठही धरू लागली, दोन खांद्यांच्या मधोमध, कुणी बोट रोवून ठेवल्यासारखी. थकवा असा यायचा की केस विंचरताना हात खाली घ्यावा लागायचा. चादर झटकली तरी दम लागायचा. जेवणावरची वासना उडाली, पोटात सतत मळमळ. काकूंनी प्रत्येकाला एक नाव दिलं. पाठीला वाकून उभं राहणं, मळमळीला ॲसिडिटी, दमाला वजन, थकव्याला वय. इतकी नावं देता आली की हे सगळं एकच असेल असं वाटायला जागाच उरली नाही.

एक दिवस लेक आली. ती गावातच, थोड्या अंतरावर राहायची, आठवड्यातून एकदा यायची. तिनं आईला पायरीवर बसलेली पाहिलं. "हे काय?"

"बसलेय जरा."

"अर्ध्या जिन्यात?"

काकूंनी मग सांगितलं, सगळं नाही, निम्मं. लेकीचा चेहरा उतरला. तिनं नेमकं विचारलं, "छातीत दुखतं का?"

"छातीत कुठे गं? छातीत अजिबात नाही."

दोघी एकमेकींकडे पाहून जरा सैलावल्या. हार्टचं दुखणं कसं असतं हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हार्टचं दुखणं म्हणजे माणूस छाती धरतो, ट्रेसकट कोसळतो, चार लोक धावतात. डॉक्टर ते इतक्यांदा सांगायचे की लेकीच्या पोरालाही पाठ झालं होतं. 'छातीवर हत्ती बसल्यासारखं' वाटलं पाहिजे. काकूंच्या छातीवर कुणी बसलं नव्हतं. माणसाला एकच नमुना माहीत असला की तो त्याच्याशी जुळत नाही ते सगळं निर्धोक समजतो. या दोघींनी तेच केलं.

"तरी एकदा दाखव ना," लेक म्हणाली. "बाबांना सांग, ते त्यांच्या फिजिशियन मित्राला फोन करतील."

"वेडी आहेस का? त्यांचा मित्र म्हणजे रोज संध्याकाळी त्यांच्याशी पत्ते खेळणार. सकाळी त्याच्याकडे गेले तर संध्याकाळी यांना कळणार. दाढेचंही कळणार."

"मग कळू दे."

"किती दिवसांनी माणूस हसतोय, बघत नाहीस? एवढ्या पेशंटच्या कवळ्या होऊ देत, मग जाऊ आपण दोघी. त्यांना सांगू नकोस हं."

'त्यांना सांगू नकोस' हे शब्द आले की लेक तिथं थांबायची. ती सवयच लागली होती. तिनं आईच्या हातातला डबा घेतला, वर नेऊन ठेवला आणि घरी गेली. आईची हनुवटी घामानं चमकत होती हे तिला घरी गेल्यावर आठवलं. उकडत असेल, ती मनाशी म्हणाली.

कवळ्या काही संपल्या नाहीत. एक झाली की दुसरी उभी.

मग तो दिवस आला. सकाळपासून बाक भरलेला. डॉक्टर एका ड्रायव्हरची दाढ कोरत होते आणि काकू नळी धरून उभ्या होत्या. एकदम पाठीतली ती जागा पेटली. जबडा, मग मान, मग दोन्ही हात. अंगाला गार घाम सुटला, कपाळावरून डोळ्यात उतरला. पोटातून ढवळून आलं. नळी पेशंटच्या जिभेवर टेकली आणि तो ओरडला.

"अगं, लक्ष कुठे आहे?" डॉक्टर म्हणाले.

"आलेच," म्हणत काकूंनी नळी खुंटीला लावली. चालत, भिंत धरून, मागच्या मोरीत गेल्या आणि भडभडून ओकल्या. त्यांना तेव्हा कळलं होतं. हे लिहिताना मला खोटं बोलायचं नाही. काय झालंय ते कळलं नव्हतं, पण हे ॲसिडिटीचं नाही, हे वयाचं नाही, हे त्यांना त्या मोरीत, नळाखाली तोंड धरताना पक्कं कळलं होतं. आणि तरीही तोंड पुसून त्या परत आल्या, नळी हातात घेतली आणि म्हणाल्या, "सकाळचं काहीतरी बाधलं." डॉक्टरांनी मान डोलावली. ड्रायव्हरची दाढ नीट भरली गेली.

दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू खाली आल्या त्या कठड्याला लोंबकळत. खुर्चीवर बसूनच फोन घेतले. दुपारी लेक पोराचा दात दाखवायला म्हणून आली आणि आईचा चेहरा पाहून जागीच थबकली. तो चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. ओठ निळसर. पाऊल उचललं की धाप.

लेकीनं त्या क्षणी जे केलं ते या घरातच होऊ शकतं. आतल्या दाराशी जाऊन, हसऱ्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, आईला चष्म्याचा नंबर काढायला नेते हं. पोराला इथे ठेवते."

"ने ने," आतून आवाज आला. "आणि चांगली फ्रेम घ्या म्हणावं."

इस्पितळात तातडीच्या विभागात गर्दी होती. टेबलावरच्या माणसानं विचारलं, काय होतंय? काकू म्हणाल्या, ॲसिडिटी. मग त्यांना बाकावर बसवलं. त्यांच्यामागून एक पुरुष छाती धरून आला, त्याला थेट आत नेलं. त्याचं पुढे काय निघालं कुणास ठाऊक, पण त्यानं छाती धरली होती. काकू गाल धरून बसल्या. बऱ्याच वेळानं एका नर्सनं जाता जाता त्यांच्याकडे पाहिलं, नाडी धरली आणि चाकांची खुर्ची ओढून आणली.

छातीला तारा लावल्या, ईसीजीची पट्टी निघाली, आणि त्यानंतर सगळे एकदम धावू लागले. तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. डॉक्टर होते. काकूंचा जुना चष्मा टेबलावरच राहिला होता, तो नको का न्यायला, असं विचारत होते. मागे कुणीतरी ओरडलं, "स्ट्रेचर इकडे घ्या!"

"चष्म्याच्या दुकानात स्ट्रेचर कसला?" डॉक्टर म्हणाले.

लेकीला रडू फुटलं, आणि कायदा तिथं मोडला.

डॉक्टर आले तेव्हा पांढरा कोट अंगातच होता. काकूंना पलंगावर घेतलं होतं, नाकाला नळी, दंडाला सुई. हृदयाच्या डॉक्टरीणबाई, लेकीपेक्षा चार-दोन वर्षांनीच मोठ्या, पट्टी हातात घेऊन वाकल्या होत्या. "काकू, तुम्हाला मोठा हार्ट अटॅक आलाय. मला एकच सांगा. हा त्रास नेमका कधी सुरू झाला?"

काकूंनी पलंगाच्या पायथ्याकडे पाहिलं. तिथे डॉक्टर उभे होते. लेकीनं त्यांचा दंड धरला होता, जावई मागे खुर्ची घेऊन तयार.

"आजच," काकू म्हणाल्या. "मघाशी. दुपारी."

"नक्की?" डॉक्टरीणबाईंनी पट्टीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "हे बघा. आज सुरू झालं असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मी आत्ता देते, त्यानं हृदय वाचेल. पण त्याला उशीर झालेला असेल तर ते वाचवणार नाही, उलट आतून रक्तस्राव होऊ शकतो. पट्टी मला वेगळं सांगतेय. तुम्ही जे सांगाल त्यावर मी औषध देणार आहे."

 काकूंना वाटलं, बोलू नये. दिलं तर दिलं इंजेक्शन, होईल ते होईल. असं वाटल्याची मग त्यांना स्वतःचीच इतकी चीड आली की त्या चिडीनंच त्या बोलल्या.

"काल सकाळी," त्या म्हणाल्या. "यांचं काम चालू होतं तेव्हा. ओकारी झाली. आणि त्याच्या आधी पुष्कळ दिवस. जिना चढताना जबडा दुखायचा. दाढ काढायच्या आधी, आणि काढल्यावरही. दाढेला काही झालंच नव्हतं."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. लेकीनं दंड घट्ट धरला, जावयानं खुर्ची पुढे सरकवली. डॉक्टर बसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला, हे खरं. पण त्यांनी श्वास घेतला आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, किती भाग गेलाय, पंपिंग किती आहे, आता अँजिओग्राफी करून काही हाती लागेल का. बाईंनी सरळ उत्तरं दिली. हृदयाच्या समोरच्या भिंतीचा मोठा भाग मेलाय. काल आणलं असतं तर पुष्कळ वाचलं असतं. त्याआधी, नुसता जबडा दुखत होता तेव्हा आणलं असतं, तर अटॅकच टाळता आला असता. आता जे उरलंय त्यावर निभावतं का बघायचं. बायकांमध्ये हे असं येतं, त्या म्हणाल्या, पाठीत, जबड्यात, मळमळीत. सगळे छातीची वाट बघत बसतात.

डॉक्टरांनी सह्या केल्या. मग खुर्ची स्वतःच ओढून काकूंच्या उशाशी बसले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सोसलं नसतं." काकूंचा आवाज फार बारीक झाला होता.

 डॉक्टर सरळ माणूस, मनात आलं ते बोलणारे. "सोसलं की," ते म्हणाले. "आत्ता ऐकलंच ना सगळं."

त्यांनी ते टोमण्यानं म्हटलं नव्हतं. काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्याला रंग होता. श्वास लागलेला नव्हता. हात मांडीवर स्थिर. त्यांच्या हृदयाला काही म्हणजे काही झालं नव्हतं. इतकी वर्षं ज्या माणसाला आपण फुंकर घालत जपलं, तो हे ऐकून उभा राहिला होता, तो केव्हाही हे ऐकून उभा राहिला असता. जिन्यात बसून सांगितलं असतं तरी. काकूंना राग आला, त्यांच्यावर नाही, लेकीवरही नाही, स्वतःवर, असा राग की ओरडावंसं वाटलं. ओरडायला श्वास नव्हता. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. डॉक्टरांना वाटलं, झोप आली.

काकूंचं निभावलं नाही. दुसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी भरलं, दुपारी त्या गेल्या. डॉक्टर खाली औषधाच्या दुकानात गेले होते. त्यांना कसं सांगायचं म्हणून जावई दाराशी घुटमळत राहिला. लेकीनं त्याला बाजूला केलं आणि बाप जिना चढून वर येताच सांगून टाकलं, "बाबा, आई गेली."

डॉक्टरांनी हातातली पिशवी बाकावर ठेवली.  मग विचारलं, "शेवटी फार त्रास झाला का गं तिला?"

लेक सकाळपासून उशाशीच होती. सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "अजिबात नाही."